जमीन त्यांची म्हणायचं आणि द्यायची नाही? पालिकेच्या आतून एक उत्तर

प्रश्न विचारणारं कुटुंब दोन वर्षांपूर्वी पुण्याहून व्हँकुव्हरजवळ बर्नबीला आलं. मुलीच्या शाळेत, पालिकेच्या सभेत, अगदी लायब्ररीतल्या गोष्टींच्या तासालाही आधी कुणीतरी उठून म्हणतं की ही मस्क्विअम, स्क्वामिश आणि स्ले-वाटुथ या मूळनिवासी लोकांची कधीही न सोडलेली भूमी आहे. त्यांचं म्हणणं असं: दुसऱ्याची जमीन आहे हे रोज कबूल करायचं आणि परत काहीच द्यायचं नाही, हे नाटक नाही का? पालिका या बाबतीत खरंच काही करते का? आणि शेजारच्या रिचमंड शहरातल्या जमिनीवर मूळनिवासींचा हक्क मान्य करणाऱ्या कोर्टाच्या निकालानंतर इथे घर घ्यावं की थांबावं?

मी ब्रिटिश कोलंबियातल्या, म्हणजे इथल्या प्रांतातल्या, पालिकांच्या नियोजन खात्यांत बरीच वर्षं काढली आहेत. त्यातली अलीकडची बहुतेक फर्स्ट नेशन्सशी, म्हणजे मूळनिवासींच्या एकेका समुदायाशी (इथे त्याला "नेशन" म्हणतात), होणाऱ्या करारांच्या कामात गेली. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो. सल्ला म्हणून नाही, आतून कसं दिसतं ते म्हणून वाचा.

आधी ते वाक्य. "कधीही न सोडलेली" हे भावनेच्या भरात म्हटलेलं नाही, ती वस्तुस्थिती आहे. कॅनडाच्या बऱ्याच भागात इंग्रज सरकारने, आणि पुढे कॅनडा सरकारने, तिथल्या लोकांशी तह केले. ते तह कसे झाले आणि किती पाळले गेले हा वेगळा विषय, पण कागद तरी आहे. ब्रिटिश कोलंबियात व्हँकुव्हर बेटावरचे १८५० ते १८५४ मधले चौदा डग्लस तह आणि ईशान्य कोपऱ्यातला आठव्या क्रमांकाचा तह सोडला, तर जुने तह जवळपास नाहीतच. जमीन विकत घेतली नाही, जिंकली नाही, तहात मिळवली नाही. तिची मोजणी केली आणि वाटून टाकली. १८६४ पासून जोसेफ ट्रच नावाचा अधिकारी वसाहतीच्या जमीन खात्याचा प्रमुख होता. या लोकांचा जमिनीवर हक्कच नाही असं त्याचं मत होतं, आणि आधी आखून दिलेले रिझर्व्ह, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनी, त्याही त्याने छाटल्या. व्हँकुव्हरमध्ये परवापरवापर्यंत त्याच्या नावाचा रस्ता होता. २०२५ मध्ये तिथे मस्क्विअम भाषेतलं नाव आलं. त्या लिपीतली अक्षरं अँब्युलन्सच्या आणि पोस्टाच्या संगणकांना वाचता येईनात, म्हणून "मस्क्विअमव्ह्यू" असं जोडनाव ठेवावं लागलं. पालिकेत एका रस्त्याचं नाव बदलायचं म्हणजे किती खात्यांच्या सह्या लागतात ते आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आता पालिका. इथली पालिका कायद्याने प्रांताचं लेकरू आहे. घटनेत तिला स्वतंत्र स्थान नाही, प्रांताने दिलं तेवढंच तिच्या हातात. सल्लामसलतीचं घटनात्मक कर्तव्य, म्हणजे फर्स्ट नेशन्सच्या हक्कांना धक्का लागेल असं काही करण्याआधी त्यांना विचारणं, जे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये हायडा नेशनच्या खटल्यात स्पष्ट केलं, ते "क्राउन"चं, म्हणजे केंद्र आणि प्रांत सरकारचं. २०१२ मध्ये सॅमन आर्म शहराविरुद्ध नेस्कॉनलिथ बँड (हेही एक फर्स्ट नेशन) कोर्टात गेली. नदीच्या पूरक्षेत्रात शॉपिंग सेंटरला परवानगी दिली होती आणि लगतच रिझर्व्ह होतं. प्रांताच्या अपील कोर्टाने सांगितलं की पालिकेवर असं स्वतंत्र घटनात्मक कर्तव्य नाही. त्या निकालाचा आधार घेऊन "आमचा काय संबंध, तुम्ही व्हिक्टोरियाला (प्रांताच्या राजधानीला) जा" असं म्हणणारे वकील आणि नगरसेवक मी भरपूर पाहिलेत. कायद्याने ते चुकत नाहीत. पण जमिनीवर रोज काय बांधायचं, कुठे खणायचं, कुठून पाइप न्यायचा हे ठरवणारी संस्था पालिकाच आहे, त्यामुळे झळ लागते ती पालिकेच्या कागदामुळेच.

२०१५ मध्ये ट्रूथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनने (सत्य आणि समेट आयोगाने) आपलं काम संपवताना ९४ शिफारशी दिल्या. निवासी शाळांमध्ये मूळनिवासींची सुमारे दीड लाख मुलं आईबापांपासून तोडून ठेवली गेली, त्याचा हा हिशेब. त्यातल्या काही शिफारशींमध्ये पालिकांचं नाव थेट घेतलंय: आदिवासींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा स्वीकारणं, त्या शाळांच्या दफनभूमी शोधून जपणं, पालिकेच्या दफ्तरखान्यातली जुनी कागदपत्रं उघडी करणं. व्हँकुव्हरने त्याच्या आधीच, २०१४ मध्ये, ही भूमी न सोडलेली आहे हा ठराव एकमताने केला आणि स्वतःला "समेटाचं शहर" म्हणवून घेतलं. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर आधारलेलं धोरणही मंजूर केलं, आणि तेही तिन्ही नेशन्ससोबत बसून लिहिलेलं. हे सगळं चांगलंच आहे, पण ठराव करायला एक संध्याकाळ पुरते. मी एखाद्या पालिकेचा समेट तपासायचा म्हटलं तर ठरावाची फाइल शेवटी उघडीन. आधी खणण्याच्या परवान्यांची, मग पाण्या-सांडपाण्याच्या करारांची.

खणण्याचंच सांगतो. व्हँकुव्हरच्या दक्षिण टोकाला, मारपोल भागात, मस्क्विअम लोकांचं हजारो वर्षांपूर्वीचं गाव आणि दफनस्थान आहे, त्सस्नाअम. १९३३ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदलेलं. तरी त्यावर वर्षानुवर्षं इमारती उठत गेल्या. २०१२ मध्ये तिथे एका कॉन्डो इमारतीसाठी खोदकाम सुरू झालं आणि मानवी अवशेष निघाले, त्यात तान्ह्या बाळांचेही होते. मस्क्विअम लोक रस्त्यावर उतरले. दोनशेहून जास्त दिवस पाळत ठेवून बसले, पूल अडवला. शेवटी ते बांधकाम थांबलं, आणि २०१३ मध्ये मस्क्विअमने ती जागा स्वतःच्या पैशांनी विकत घेतली. पूर्वजांची हाडं जिथे आहेत ती जमीन त्यांनाच विकत घ्यावी लागली, यावर वेगळं भाष्य नको. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्यात दिसतं ते हे, की बिल्डरकडे लागणारे कागद होते. झोनिंग (कुठे काय बांधायचं याचे पालिकेचे नियम) बसत होतं, पुरातत्त्वाचा प्रांताचा परवाना होता. प्रत्येक टेबलावर बसलेल्या माणसाने आपलं काम नियमाने केलं होतं.

१८४६ पूर्वीच्या कुठल्याही वस्तीच्या खुणा, मग त्या खाजगी जमिनीत का असेनात, प्रांताच्या वारसा कायद्याने आपोआप संरक्षित आहेत. पण त्या खुणा दिसतात कशा? सांडपाण्याच्या लाइनसाठी चर खणताना साधारण मीटरभर खाली माती अचानक काळी आणि तेलकट लागते, आणि तिच्यात पांढरे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे शिंपल्यांचा चुरा. मध्ये कोळशाचा थर, भाजलेले दगड. शेकडो पिढ्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा तो उकिरडा असतो, आणि त्याच ढिगाऱ्यांत माणसंही पुरलेली सापडतात. आता त्या क्षणी बॅकहोवर, म्हणजे खोदणाऱ्या मशीनवर, बसलेला माणूस काय करतो यावर सगळं ठरतं. तो कंत्राटदाराचा माणूस, तासाच्या हिशेबावर. थांबला तर दिवस वाया, बिल कोण देणार? ज्या पालिकांनी कंत्राटातच लिहून ठेवलंय की असं काही दिसलं तर मशीन बंद करायचं, अमुक नंबरला फोन करायचा, आणि थांबलेल्या वेळेचे पैसे पालिका देईल, तिथे मशीन बंद होतं. जिथे फक्त माहितीपत्रक वाटलंय तिथे बादली पुढे जाते. कंत्राटातलं ते एक कलम माझ्या मते समेटाच्या दहा भित्तिचित्रांच्या बरोबरीचं आहे. नेशनचा स्वतःचा निरीक्षक सुरुवातीपासून चरापाशी उभा असेल आणि त्याची रोजी अंदाजपत्रकात धरलेली असेल, तर त्याहून बरं.

पॉवेल रिव्हर शहरात हेच उलट्या क्रमाने घडलं. २००२ च्या सुमारास किनाऱ्यालगत फिरायचा रस्ता बांधताना त्लाआमिन लोकांची सांस्कृतिक ठिकाणं उद्ध्वस्त झाली. वाद पेटला, काम थांबलं. मग दोघं बसले आणि २००३ मध्ये एक लेखी करार केला: वर्षातून ठरावीक वेळा भेटायचं, जमिनीच्या वापराचं एकमेकांना आधी सांगायचं. कागद साधाच, पण पुढची नाती त्यावर उभी राहिली. तिथल्या प्रादेशिक मंडळाने २०१८ मध्ये आपलं नाव बदलून त्लाआमिन ज्येष्ठांनी दिलेलं "काथेट" हे नाव घेतलं. आणि २०२१ मध्ये त्लाआमिनने शहराचंही नाव बदला अशी विनंती केली, कारण इस्रायल पॉवेल हा या प्रांतातला "इंडियन" (म्हणजे मूळनिवासींचा कारभार पाहणाऱ्या) खात्याचा पहिला प्रमुख होता. त्यावर गावात जी भांडणं झाली ती पाहिली, तर करार झाला म्हणजे मनं जुळली असं कुणी समजू नये.

माझा सगळ्यात मोठा राग मात्र एका वरवर किरकोळ गोष्टीवर आहे: पत्रांवर. विकास आराखडा बदलायचा, पूल दुरुस्त करायचा, की पालिका फर्स्ट नेशनला पत्र पाठवते, "आपल्या हरकती तीस दिवसांत कळवाव्यात." नेशनच्या जमीन कार्यालयात कधीकधी दोन-तीन माणसं असतात. त्यांच्या पारंपरिक प्रदेशात दहा-पंधरा पालिका, शिवाय प्रांताची खाती, बंदर, रेल्वे, वीज कंपनी. प्रत्येकाला वाटतं आपलं एकच पत्र आहे. तिकडे रोज गठ्ठा येतो. तीस दिवस उलटतात, उत्तर येत नाही, आणि काउन्सिलपुढच्या अहवालात एक ओळ पडते: "संबंधित नेशनला कळवले होते, हरकत प्राप्त झाली नाही." न आलेल्या उत्तराला संमती म्हणून खपवायची ही पद्धत कुठल्याही भूमीस्मरणाच्या वाक्याला खोटं पाडते. उपाय अवघड नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला कामांची यादी घेऊन समोरासमोर बसायचं, त्यांना कशात रस आहे ते त्यांनीच खुणावायचं, आणि त्यांच्या तपासणीच्या वेळेचे पैसे द्यायचे. सल्लागार अभियंत्याला तासाचे पैसे देताना कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

पैशांवरून आठवलं. सभेच्या सुरुवातीला आशीर्वचनासाठी ज्येष्ठांना बोलावतात. मी एका पालिकेत पाहिलंय, ऐंशीच्या घरातल्या आजींना मानधनासाठी पुरवठादार नोंदणीचा फॉर्म भरायला दिला, बँकेचा रद्द केलेला चेक मागितला आणि सांगितलं की पेमेंट महिन्याभरात होईल. वित्त खात्याशी भांडून तो नियम बदलायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात समेटाचं एक अख्खं धोरण लिहून झालं असतं.

आता "परत काहीच देत नाहीत" याबद्दल. पालिकेच्या मालकीची जमीन तशी थोडी असते, आणि ती विकायची किंवा द्यायची तर जाहीर सूचना, बाजारभाव, करदात्यांचे प्रश्न हे सगळं येतं. तरी जगात उदाहरणं आहेत. कॅलिफोर्नियातल्या युरेका शहराने खाडीतलं बेट वियोत जमातीला परत केलं: २००४ मध्ये सुमारे ४० एकर, आणि २०१९ मध्ये शहराच्या ताब्यातला उरलेला, दोनशेहून जास्त एकरांचा भाग. त्याच बेटावर फेब्रुवारी १८६० मध्ये वियोत बायकामुलांची कत्तल झाली होती. ना विक्री, ना अट. इथल्या पालिकांनी त्या मापाचं काही केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

इथे जमीन परत येते ती बहुतेक कोर्टातून, वाटाघाटीतून किंवा बाजारातून विकत घेऊन, आणि पालिकेची परीक्षा तेव्हा सुरू होते. व्हँकुव्हरच्या किट्सिलानो भागात पुलाखाली सेनाक्व नावाची जागा आहे. १९१३ मध्ये तिथल्या स्क्वामिश कुटुंबांना प्रांत सरकारने पडावात बसवून हाकललं आणि घरं जाळली. लांबलचक दाव्यानंतर या शतकाच्या सुरुवातीला त्यातले सुमारे साडेदहा एकर परत मिळाले. तिथे आता अकरा टॉवर आणि सहा हजारांवर घरं उभी राहताहेत. ती रिझर्व्हची जमीन, तिथे व्हँकुव्हरचं झोनिंग लागू नाही. शेजारच्या बंगल्यांतल्या लोकांना आधी वाटलं काउन्सिलमध्ये सुनावणी होईल, आपण जाऊन हरकत घेऊ. सुनावणी होणारच नव्हती, कारण परवानगी देणारे व्हँकुव्हर शहर नव्हतंच. शहराच्या हातात होतं ते पाणी, सांडपाणी, अग्निशमन, पोलीस. २०२२ मध्ये सेवा करार झाला: शहर सेवा देणार, नेशन पैसे भरणार. रहिवाशांनी तो बंद दाराआड केला म्हणून कोर्टात आव्हान दिलं, २०२३ मध्ये ते फेटाळलं गेलं. मला हा करार गेल्या कित्येक वर्षांतलं शहराचं सगळ्यात प्रामाणिक काम वाटतं, कारण त्यात उपकाराची भाषा नाही. दोन सरकारांनी पाण्याचा दर ठरवला. दुसऱ्या प्रांतातल्या सस्काटून शहराने तर १९८८ मध्येच मस्केग लेक क्री नेशनच्या शहरी रिझर्व्हला असा मार्ग मोकळा केला होता. कराऐवजी तेवढीच सेवा फी. त्या वेळी "शहराचा महसूल बुडेल" म्हणणारे तिथेही होते.

इथेच आपल्याकडच्या माणसाची गल्लत होते. आदिवासी म्हटलं की आपल्याला आश्रमशाळा, योजना, प्रकल्प अधिकारी आठवतात. इथल्या पालिकेतही ती सवय आहे: नेशनला "समाजगट" समजून सल्लागार समितीत एक खुर्ची द्यायची. नेशन हे सरकार आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हटलं, तो अर्थ डोळ्यांपुढे ठेवलात तर निम्मं काम झालं. त्सवासन नेशनचा तह ३ एप्रिल २००९ ला लागू झाला. तेव्हापासून ते मेट्रो व्हँकुव्हरच्या, म्हणजे या परिसरातल्या शहरांच्या एकत्रित संस्थेच्या, मंडळावर बाकी शहरांच्या बरोबरीने बसतात, पाण्याच्या वाढत्या बिलावरही मत देतात.

आणि आता घराचं. रिचमंडचा निकाल, ऑगस्ट २०२५ चा. काउइचन या फर्स्ट नेशनच्या लोकांचं, रिचमंड जिथे आहे त्या लुलू बेटाच्या दक्षिणेला मासेमारीचं मोठं गाव होतं. ते राखून ठेवायच्या ऐवजी सरकारने ती जमीन परस्पर वाटली. पाचशेहून जास्त दिवस चाललेल्या सुनावणीनंतर प्रांताच्या सुप्रीम कोर्टाने तिथल्या एका पट्ट्यावर काउइचनचा आदिम मालकी हक्क (वसाहतीच्या आधीपासून तिथे असल्याने मिळालेला) मान्य केला, आणि त्यातली केंद्र सरकारच्या व रिचमंड पालिकेच्या नावावरची बरीचशी मालकीपत्रं सदोष आणि अवैध ठरवली. त्याची अंमलबजावणी अठरा महिने थांबवून ठेवली. खाजगी घरमालकांची मालकी रद्द करा अशी मागणी काउइचनने केलीच नव्हती. तरी आदिम हक्क आणि खाजगी मालकी एकाच तुकड्यावर कशी नांदायची हा प्रश्न निकालाने उघडा केला, आणि रिचमंडच्या महापौरांचं या निकालाबद्दलचं पत्र हातात पडल्यावर तिथल्या घरमालकांची झोप उडाली ती समजण्यासारखी आहे. अपिलं दाखल झाली आहेत. मस्क्विअम आणि त्सवासन नेशन्सही या खटल्यात काउइचनच्या विरोधात उभी होती, हे बातम्यांत सहसा सांगत नाहीत.

उलट बाजूला हायडा ग्वाई. २०२४ मध्ये प्रांताने तिथल्या सगळ्या बेटांवर हायडांचा मालकी हक्क वाटाघाटीने मान्य केला, आणि त्याच करारात खाजगी मालकी आणि पालिकांचे अधिकार तसेच राहतील असं लिहून टाकलं. कोर्टात एक जिंकतो, एक हरतो. टेबलावर हे असं लिहिता येतं. दीडशे वर्षं टेबल टाळलं म्हणून रिचमंड घडलं असं माझं स्पष्ट मत आहे.

तर बर्नबीत किंवा सरेत घर घ्यायला या निकालामुळे थांबावं असं मला वाटत नाही. रिचमंडच्या त्या पट्ट्यात घेत असाल तर आधी वकिलाला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला विचारा. जुन्या किनाऱ्याजवळ किंवा नदीकाठी घर पाडून नवं बांधायचा विचार असेल, तर खरेदीच्या आधीच प्रांताच्या पुरातत्त्व शाखेकडे त्या भूखंडाची नोंद मागवा. पाहणीचा खर्च मालकावर पडतो आणि तो लहान नसतो. आणि मस्क्विअम रिझर्व्हवरची लीजवरची घरं स्वस्त दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. १९६० च्या दशकात दिलेल्या ९९ वर्षांच्या तिथल्या लीजमध्ये पहिली तीस वर्षं भाडं नाममात्र होतं, १९९५ मध्ये ते नव्याने ठरवायची वेळ आली आणि तो वाद २००० साली कॅनडाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. लीजची किती वर्षं उरली, भाडं पुन्हा कधी ठरणार, आणि कर कुणाला भरायचा, एवढं सही करायच्या आधी लेखी घ्या.